न्यूनतम दराची यंत्रे

नोकरीत मी अनेकांना कारणे दाखवा नोटिसा दिल्या. त्यांतली एक मागे घ्यावी लागली, तिची ही हकिगत.

पूर्वेकडील एका राज्यात असताना निवृत्तिवेतनधारकांच्या तक्रारींसाठी संगणकप्रणाली आमच्याच विभागात तयार करावयाचे ठरले. सहा कंत्राटी अभियंत्यांना काम करण्यासाठी क्लाउडवरील आभासी यंत्रे भाड्याने हवी होती. सेवादाता केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या यादीतला असावा आणि माहिती भारतातच राहावी, या अटींची अडचण नव्हती. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये येथे आपली केंद्रे उघडलीच होती. उरला दराचा प्रश्न, आणि दर म्हटला की आम्हा मंडळींना एकच शास्त्र अवगत असते. दोन प्रोसेसर, चार जीबी स्मृती, ठोक मासिक दर. ज्याचा न्यूनतम, तो पात्र.

वास्तविक ही यंत्रे तासावर, किंबहुना सेकंदावर मिळतात. महिन्याचे तास सुमारे ७३०. दिवसाचे दहा तास आणि बावीस दिवस धरले तर आमचे काम २२० तासांचे. यंत्र बंद केले तरी डिस्कचे भाडे चालू राहते, हे खरे. तरीही बचत मोठीच. परंतु मीटरप्रमाणे येणारे बिल अंदाजपत्रकात कसे बसवावे, अशी हरकत लेखा शाखेने घेतली. विजेचे बिल आपण दरमहा तसेच भरतो, हे तेव्हा कोणालाच सुचले नाही. मलाही नाही.

तीन महिन्यांत काम रेंगाळले. ज्याच्याकडे प्रणालीची जुळणी होती, त्या तरुण अभियंत्याला मी नोटीस दिली. तो उत्तर घेऊन आला ते एका वहीसह. प्रत्येक जुळणीची वेळ त्याने तीत टिपली होती. सकाळी बारा मिनिटे लागणारे काम दुपारी तीननंतर पाऊण तास घेत होते, आणि हे रोजच घडत होते.

उलगडा सोपा होता. न्यूनतम दराचे यंत्र ‘बर्स्टेबल’ जातीचे होते. असे यंत्र निवांत असताना पुण्याई साठवते आणि कामाच्या वेळी खर्च करते. साठा संपला की प्रोसेसरचा लहानसा वाटाच हाती राहतो. आमची यंत्रे रात्रभर रिकामी चालून साठा भरत आणि दुपारपर्यंत तो संपे. कंपनीने काहीही लपविले नव्हते, सर्व तिच्या माहितीपत्रकात होते. निविदेत प्रोसेसरांची संख्या आम्ही विचारली होती, ते किती वेळ पूर्ण वेगाने चालतील हे विचारले नव्हते. निविदेवर सही माझीच होती.

नोटीस मी मागे घेतली. पण तिची प्रत नस्तीत असल्याने त्याच्या कंत्राटाचे नूतनीकरण खालच्या टेबलावर अडून राहिले होते. ते सोडविण्यासाठी मला स्वतः दोनदा जावे लागले. मधल्या काळात त्याने दीड महिना पगाराविना काढला, हे मला दुसऱ्या खेपेस कळले. त्याने सांगितले नव्हते.

पुढच्या निविदेत तासाचे दर मागविले. दोन पात्र सेवांवर आमचीच प्रणाली पंधरा दिवस जुळवून पाहिली आणि दुपारच्या वेळा त्याच वहीत उतरविल्या. निवडलेल्या यंत्राचा तासाचा दर पहिल्यापेक्षा अधिक होता, महिन्याचे बिल कमी आले. रात्री आठ वाजता यंत्रे बंद करण्याची जबाबदारी त्याच अभियंत्याने मागून घेतली.