तलावाची पट्टी: ठराव कुठल्या ग्रामसभेत मांडायचा?

आज उसाचं नाही, तलावाचं लिहितोय.

आमच्या गावच्या पाझर तलावासाठी लाभक्षेत्रातल्या विहीरवाल्यांनी एकरी २०० रुपये वर्षाला द्यायचे, असा ठराव झालाय. मुदत पाच वर्षांची, ती येत्या मार्चअखेर संपते. घरपट्टी-पाणीपट्टीसारखा हा ग्रामपंचायतीचा कर नाही, त्यामुळं जप्तीची नोटीस वगैरे काही काढता येत नाही. लोकांनी हो म्हटलं तरच पैसा येतो. म्हणून पुन्हा कधी विचारायचं, यावर सध्या पारावर रोज चर्चा चाललीय.

या पैशातून काय होतं ते आधी सांगतो, कारण नवीन पोरांना वाटतं तलाव आपोआप भरतो. दरवर्षी पावसाआधी सांडवा मोकळा करतो. भरावावरची झुडपं लहान असतानाच मुळासकट काढतो. झाड मोठं झालं की मुळं भरावात खोल जातात, पुढं ती कुजली की त्याच वाटेनं पाणी झिरपायला लागतं. खेकड्यांची, घुशींची बिळं बघून बुजवतो. उन्हाळ्यात गाळ काढतो. पाझर तलावाच्या तळाला बारीक गाळाचा थर बसला की पाणी वर दिसतं, पण खाली मुरत नाही. मग तलाव भरलेला आणि विहिरी मात्र रिकाम्या. सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून आहे, पण सांडव्यातली झुडपं काढायला दरवर्षी कोण येणार?

(गाळ नेणाऱ्यांनो, माती परीक्षण करूनच टाका, आणि पातळ थरानं. चोपण रानात डोळे झाकून टाकू नका.)

आता मुद्द्यावर. नेहमीच्या ग्रामसभा चार: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. आमचे आण्णा म्हणतात, "१ मे लाच इचार. हिरीचा तळ दिसायला लागल्याबिगर माणूस खिशात हात घालत न्हाई." अनुभवाचा माणूस आहे, आणि पहिला ठराव असाच भर उन्हाळ्यात झालाय. पण आण्णा, पुढचा १ मे म्हणजे मुदत संपून महिना झालेला. एकदा बंद पडलेली पट्टी सुरू करायची म्हणजे लोकांच्या लेखी ती नवीनच पट्टी. शिवाय गाळाचं काम मे महिन्यातच उरकायचं असतं. ठराव करून पैसा गोळा होईपर्यंत मृग येतो.

२६ जानेवारीला निम्मा गाव ऊसतोडीत असतो. कुणाचं बिल जमा झालेलं, कुणाचा ऊस अजून फडात उभा. ज्याला तोड मिळालेली नाही त्याला त्या दिवशी काहीही विचारू नये. त्यात आमच्याकडं हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक येईल असं दिसतंय. मग पट्टी तलावाची राहत नाही, गटाची होते.

१५ ऑगस्टला निम्म्या लोकांचं लक्ष पंचगंगेच्या पाणीपातळीवर. तो विषय सोडून द्या.

राहिला २ ऑक्टोबर. तलाव भरलेला असेल, म्हणजे "आता कशाला पैसे" म्हणणारे भेटणारच. तरी माझं मत त्याच दिवसाला. मुदतीला सहा महिने शिल्लक असतात, आणि काही कारणानं ठराव फेटाळला तर दुरुस्त करून जानेवारीत पुन्हा मांडता येतो.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला पाच गावांनी १९९८ मध्ये मतदान घेऊन जमीन-घराच्या खरेदीवर २ टक्के कर लावून घेतला. शेतजमीन आणि मोकळी रानं राखायला. त्याची मुदत २०३० पर्यंत असताना त्यांनी २०१६ लाच पुन्हा मत घेतलं आणि ती २०५० पर्यंत वाढवली. त्यातला २० टक्क्यांपर्यंत पैसा पाणी सुधारायला वापरायची मुभाही त्याच वेळी घेतली. चौदा वर्षं आधी! आपण सहा महिने आधी विचारलं तर कुणी घाई म्हणू नये.

मला काळजी तारखेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची आहे. ग्रामसभेत सगळे मतदार बसतात, पट्टी मात्र विहीरवाल्यांनी द्यायची. ज्याला द्यायची नाही त्यानं हात वर करायचा आणि ज्याला द्यायची तो गैरहजर, असा ठराव कागदावर पक्का असतो, वसुलीला कच्चा. न विचारता बसवलेला पैसा कोल्हापूर देत नाही, हे टोलच्या वेळी सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय. म्हणून सप्टेंबरमध्ये आधी लाभक्षेत्रातल्या एकेका विहीरवाल्याची सही घ्यायची. तलावाच्या शेपटाकडच्या रानाला पाझर कमी पोचतो, त्यांना एकरी २०० च का, हा प्रश्न रास्त आहे. त्यांना १०० करा असं मी सांगणार आहे. काही जणांना राग येईल, येऊ दे.

महिलांची सभा आधी होते, तिथं हा विषय पहिला घ्या. उन्हाळ्यात हंडा घेऊन कुठवर जावं लागायचं हे त्यांना सांगावं लागत नाही. आणि पाच वर्षांचा जमाखर्च, जेसीबीच्या तासांसकट, फळ्यावर लावा. सोबत मे महिन्यात काढलेले कोरड्या तळाचे फोटो.

कोरम १५ टक्के मतदार किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. नोटीस सात दिवस आधी. म्हणजे विषय सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच ग्रामसेवकांकडं लेखी द्यायला हवा. अर्जाचा मसुदा केलाय, रविवारी पारावर वाचतो. तुमच्या गावात तलावाला अशी पट्टी असेल तर शेपटाकडच्या रानाला दर किती लावलाय, तेवढं कळवा.