महायुद्धाची खातेवही

चि. छोटीस,


दुसऱ्या महायुद्धाने जगाची सत्ता लंडनहून वॉशिंग्टनला नेली. हे स्थलांतर १९३९ ते १९४७ या आठ वर्षांत झाले, आणि ते मुख्यतः कर्ज, उधारी आणि सोने यांच्या वाटेने झाले. हिरोशिमावरचा बाँब हा त्या वाटेवरचा अगदी उशिराचा टप्पा. नववीच्या मुलांसाठी काढलेल्या तुझ्या टिपणात मात्र असे आहे, की अमेरिकेने ६ ऑगस्ट १९४५ रोजी बाँब टाकला आणि ती महासत्ता झाली. त्याखाली लिहिले आहेस, भारताचा या युद्धाशी संबंध नव्हता, ब्रिटिशांनी त्याला ओढले. ओढले हे खरे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबर १९३९ रोजी एकाही भारतीय नेत्याला न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. पण संबंध नव्हता? हे वाक्य आपल्या घरातल्या मुलीने लिहावे, याचे फार वाईट वाटले. म्हणून हे पत्र, आणि ते लांबणार आहे.

युद्ध पेटले तेव्हा ब्रिटनचे साम्राज्य जगात सर्वांत मोठे होते, पण तिजोरी पहिल्या महायुद्धापासूनच हलकी होती. अमेरिकेने नोव्हेंबर १९३९ मध्ये आपला तटस्थतेचा कायदा सैल केला. लढणाऱ्या देशांना शस्त्रे विकत मिळू लागली. अट एवढीच, की दाम रोख मोजायचा आणि माल आपल्याच जहाजांतून न्यायचा. रोखीने माल उचलता उचलता १९४० सरेपर्यंत ब्रिटनकडचे सोने आणि डॉलर जवळजवळ संपले. त्याच वर्षी सप्टेंबरात ५० जुन्या विनाशिकांच्या व्यवहारात ब्रिटनने न्यूफाउंडलंडपासून कॅरिबियन बेटांपर्यंतच्या तळांच्या जागा अमेरिकेला ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. सत्तांतराची पहिली नोंद हीच म्हणायची. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. पर्ल हार्बरला अजून सव्वा वर्ष अवकाश होता.

पुढची नोंद ११ मार्च १९४१ची. त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लेंड-लीज कायद्यावर सही केली आणि रोखीची अट गेली. युद्ध संपेपर्यंत या कायद्याखाली सुमारे ५० अब्ज डॉलरचा माल अमेरिकेबाहेर गेला. त्यातला ३१ अब्जांच्या आसपास ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्याला, ११ अब्जांच्या आसपास सोव्हिएत संघाला. विमाने, रणगाडे, पोलाद, डबाबंद मांस, बूट, रेल्वेची इंजिने, सगळे त्यात होते. आता हा आकडा बाँबच्या शेजारी ठेवून पाहा. अणुबाँब तयार करण्याच्या संपूर्ण मॅनहॅटन प्रकल्पाचा खर्च सुमारे २ अब्ज डॉलर होता. बाँबच्या पंचवीसपट रक्कम ज्या देशाने मित्रांना माल पुरवण्यात घातली, त्याची ताकद बाँबवर उभी होती असे मुलांना सांगणे बरोबर नाही, छोटे. ती डेट्रॉईटच्या कारखान्यांत आणि कॅलिफोर्नियाच्या गोद्यांत उभी होती, आणि तिथल्या मालाची नोंद ठेवणाऱ्या कचेऱ्यांत.

या मदतीला अटी होत्या. २३ फेब्रुवारी १९४२ रोजी झालेल्या करारात ब्रिटनने व्यापारातील भेदभाव मोडून काढण्याचे तत्त्व मान्य केले. साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांना जकातीत सवलत द्यायची, ही ब्रिटनची लाडकी व्यवस्था त्या कलमाच्या निशाण्यावर होती. त्याआधी आठच दिवस, १५ फेब्रुवारीला, सिंगापूर जपानच्या हाती पडले होते. पाठ्यपुस्तके सिंगापूरचा पाडाव सांगतात, आणि तो सांगितलाच पाहिजे. आशियातला ब्रिटिशांचा दरारा त्या दिवशी गेला तो कायमचा. पण आठ दिवसांनी झालेला करार कुणी सांगत नाही. तुझ्या आजोबांना विचारले असते, तर त्यांनी दोन्हींपैकी करारच आधी वाचायला घेतला असता.

हे युद्ध सर्वंकष हुकूमशाहीविरुद्ध, स्वातंत्र्यासाठी आहे अशी घोषणा होती, आणि ती खोटी नव्हती. जर्मनी जिंकली असती तर काय झाले असते, हे आउशविट्झच्या छळछावणीने दाखवले आहे. परंतु स्वातंत्र्याच्या घोषणेचा अर्थ प्रत्येकाने वेगळा लावला. ऑगस्ट १९४१च्या अटलांटिक सनदेत रूझवेल्ट आणि ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी सर्व लोकांना आपली राज्यपद्धती निवडण्याचा हक्क असल्याचे म्हटले. सप्टेंबरात चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत खुलासा केला, की हे नाझींच्या टाचेखालच्या युरोपीय देशांपुरते आहे. भारत आणि ब्रह्मदेशाचा प्रश्न वेगळा. दुसरीकडे, या युद्धात जमिनीवर लढणारा सर्वांत मोठा मित्रदेश, स्टालिनचा सोव्हिएत संघ, स्वतःच सर्वंकष हुकूमशाहीचा देश होता.

सोव्हिएत संघाचा हिशेब पैशांत मांडता येत नाही. त्याचे सुमारे २ कोटी ७० लाख लोक या युद्धात मेले. जर्मन सैन्याची बहुतेक हानी पूर्व आघाडीवर झाली. फेब्रुवारी १९४३ मध्ये स्टालिनग्राडला वेढलेली जर्मन फौज शरण आली, आणि तिथून लाल सैन्य सव्वादोन वर्षांत बर्लिनला पोहोचले. ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्कोत चर्चिल आणि स्टालिन यांनी एका कागदावर बाल्कन देशांतील प्रभावाची टक्केवारी मांडली: रुमानियात ९० टक्के सोव्हिएतांचे, ग्रीसमध्ये ९० टक्के ब्रिटनचे. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला मुक्त निवडणुकांची वचने दिली गेली, पण जिथे लाल सैन्य उभे होते तिथे ती पाळली गेली नाहीत. पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी सुरू झालेल्या युद्धाच्या शेवटी पोलंड एका हुकूमशाहीतून सुटून दुसरीच्या पंखाखाली गेला. दोन महासत्ता उरल्या. त्यांतली एक या युद्धातून श्रीमंत होऊन बाहेर पडली आणि दुसरी उद्ध्वस्त होऊन, हे मुलांच्या मनावर ठसले पाहिजे. पुढच्या चाळीस वर्षांचा तोल त्या फरकातून समजतो.

आता भारत. या भागासाठी तुला जरा रागावायचे होते.

१९३९-४०च्या आर्थिक करारानुसार भारताच्या संरक्षणाचा नेहमीचा खर्च भारताकडे, आणि ब्रिटनच्या युद्धासाठी भारतात होणारा खर्च ब्रिटनकडे, अशी वाटणी ठरली. वाचायला ही वाटणी न्याय्य वाटते. प्रत्यक्षात ब्रिटनने कापड, ताग, धान्य, तंबू, दारूगोळा उचलला आणि त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवली. ते पौंड भारताला खर्चता येत नव्हते. त्यांच्या आधारावर रिझर्व्ह बँकेने इथे रुपयांच्या नोटा छापल्या, आणि पुरवठादार, मजूर, सैनिक यांना त्या नोटांतून पैसे मिळाले. गावच्या बड्या असामीने दुकानातून रोज पोतीच्या पोती न्यावीत, उधारी स्वतःच्याच वहीत लिहावी आणि वही स्वतःच्याच घरी ठेवावी, तसा हा व्यवहार होता. युद्धाच्या काळात चलनातल्या नोटा सुमारे सहा पटींनी वाढल्या. माल देशाबाहेर गेला होता, नोटा तेवढ्या देशात राहिल्या. भाव चढले. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झालेला, बंगालच्या किनाऱ्यावरच्या नावा सरकारने जप्त केलेल्या, आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. मृतांचा सरकारी अंदाज १५ लाख होता. नंतरचे अनेक अभ्यासक ३० लाखांपर्यंत जातात. लंडनच्या वहीतली भारताची जमा रक्कम वाढत होती तेव्हा कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसे मरत होती. या दोन्ही गोष्टी एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या. संबंध नव्हता असे कसे म्हणायचे?

युद्धाअखेर ब्रिटन भारताचे सुमारे १३० कोटी पौंड, म्हणजे १,७०० कोटी रुपयांच्या आसपास, देणे लागत होता. ज्या देशावर राज्य करायचे त्याचाच ऋणको होऊन बसलेली सत्ता फार काळ राज्य करू शकत नाही. स्वातंत्र्य कसे आले याच्या चर्चेत सत्याग्रह येतो, आझाद हिंद सेना येते, फेब्रुवारी १९४६चे मुंबईतले नौसैनिकांचे बंड येते. ते सगळे आलेच पाहिजे. २५ लाखांपर्यंत वाढलेल्या भारतीय सेनेच्या निष्ठेवर आता विसंबता येणार नाही, हे 'तलवार' या नौदल तळावरच्या त्या बंडाने ब्रिटिशांना दाखवले. पण या यादीत ही वही कधी येत नाही, ही माझी तक्रार जुनी आहे. तू ती शाळेत ऐकलीस, तुझ्या लग्नातही ऐकलीस, आणि तरी टिपणात नाही.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या ब्रेटन वूड्स इथे ४४ देशांची परिषद भरली आणि नव्या जगाची पैशाची घडी तिथे बसली. ब्रिटनकडून अर्थतज्ज्ञ केन्स, अमेरिकेकडून हॅरी डेक्स्टर व्हाइट. विद्वत्ता केन्स यांच्याकडे होती, सोने व्हाइट यांच्या देशाकडे, आणि ठरले ते बहुतांशी व्हाइट यांच्या मनासारखे. डॉलर सोन्याशी बांधला गेला, एका औंसाला ३५ डॉलर, आणि इतर चलने डॉलरशी. भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, महाडजवळच्या नाते गावचे. लंडनमध्ये अडकलेल्या पौंडांचा प्रश्न भारताने त्या सभेत मांडला. तिथेच ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्यात पडावे हे ब्रिटनला आणि अमेरिकेला नको होते, म्हणून मागणी मान्य झाली नाही. पण पारतंत्र्यातला देश धनको म्हणून उभा राहिला, आणि नाणेनिधीत त्याला ४० कोटी डॉलरचा, म्हणजे सहाव्या क्रमांकाचा, वाटा मिळाला. त्याच महिन्यात, १० जुलैला, इटलीत तायबर नदीच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे गाव माणगाव तालुक्यातले पळसगाव. एकाच कुलाबा जिल्ह्यातली दोन माणसे, एकाच महिन्यात, एक इटलीच्या डोंगरात आणि एक न्यू हॅम्पशायरच्या हॉटेलात. या दोघांना सोडून नववीच्या मुलांना हे युद्ध शिकवता येईल? आणि तेही आपल्या भागातल्या शाळेत?

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येताच अमेरिकेने लेंड-लीज तडकाफडकी थांबवली. डिसेंबरात ब्रिटनने ३ अब्ज ७५ कोटी डॉलरचे कर्ज घेतले, २ टक्के व्याजाने, ५० वार्षिक हप्त्यांत फेडायचे. अट अशी, की पौंड डॉलरमध्ये खुलेपणाने बदलता आला पाहिजे. युद्धात कधी न झालेले पावाचे रेशनिंग ब्रिटनमध्ये जुलै १९४६ मध्ये, शांततेत, सुरू झाले. मग आला १९४७चा कडाक्याचा हिवाळा आणि कोळशाची टंचाई. फेब्रुवारीच्या एकाच आठवड्यात तीन गोष्टी घडल्या: पॅलेस्टाईनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर झाला, २० तारखेला पंतप्रधान ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत भारत सोडण्याची घोषणा केली, आणि २१ तारखेला वॉशिंग्टनला कळवण्यात आले, की ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार ब्रिटनला यापुढे पेलवत नाही. १२ मार्चला अध्यक्ष ट्रूमन यांनी तो भार उचलत असल्याचे अमेरिकी काँग्रेसला सांगितले. एखाद्या साम्राज्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्याची तारीख सांगायचीच असेल, तर हा आठवडा सांगावा. पौंड १५ जुलैला खुला झाला, डॉलर भराभर बाहेर गेले, आणि २० ऑगस्टला तो पुन्हा बंद करावा लागला. आपला १५ ऑगस्ट त्या पाच आठवड्यांच्या पोटात आहे.

त्यानंतरचे झपाट्याने झाले. अमेरिकेच्या मार्शल योजनेने १९४८ पासून चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर पश्चिम युरोपात ओतले. एप्रिल १९४९ मध्ये नाटो स्थापन झाली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाने आपला अणुबाँब उडवला. म्हणजे बाँबची मक्तेदारी चार वर्षांत संपली. डॉलरची संपली नाही. १९५६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी सुएझवर सैन्य उतरवले, तेव्हा अमेरिकेने एक गोळी न झाडता पौंडाला आधार नाकारला आणि नाणेनिधीची वाट अडवून धरली. ब्रिटनला माघार घ्यावी लागली. तुझ्या टिपणात सुएझ नाही, ते घाल.

भारताच्या त्या पौंडांचे काय झाले, हे सांगायचे राहिले, आणि तिथेच जीव अडकतो. १९४८च्या करारात त्यांतला काही भाग ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या लष्करी सामानाच्या किमतीत आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या तरतुदीत वळता झाला. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि डॉलरच्या हिशेबात उरलेली शिल्लकही आकसली. बाकीची धान्य आणि यंत्रसामग्रीच्या आयातीत गेली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या सुरुवातीच्या वर्षांत परकीय चलनाची गंगाजळी इतकी आटली, की १९५८ मध्ये भारताला मदत देणाऱ्या देशांचा गट जमवावा लागला. चौदा वर्षांपूर्वी धनको म्हणून बोललेला देश कर्ज मागू लागला. ब्रिटनने आपल्या अमेरिकी कर्जाचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये भरला. नाणेनिधीच्या मोठ्या निर्णयांना आजही ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १५ टक्क्यांहून अधिक आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकार आजही युद्धाअखेर ठरलेल्या त्याच पाच जागांना आहे. हे सगळे नववीच्या मुलांना जड जाईल असे तू म्हणशील. जड जाऊ दे. काळजी वेगळीच आहे: ही मुले मोठी होऊन कुठल्या ना कुठल्या कर्जाच्या करारावर सही करतील, आणि त्यांच्या डोक्यात महासत्ता म्हटली की फक्त धुराचा ढग असेल.

सुधारलेले टिपण वर्गात देण्याआधी इकडे पाठव. ताईला नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
मामा