सातवा महिना आणि सातवा आठवडा

इतिहासाच्या विद्यार्थ्यास पहिली सवय लागते ती तारीख विचारण्याची. परिणाम आधी आणि कारण नंतर, असे कोणी सांगू लागला की ते कारण नव्हे, एवढे निश्चित. ही सवय आम्हांस वर्गाबाहेरही उपयोगी पडली.

काही वर्षांपूर्वी वसतिगृहात पाचवीसाठी एक मुलगा दाखल झाला. वरच्या ओठावर शस्त्रक्रियेचा व्रण, बोलणे किंचित नाकातून. अर्ज भरताना त्याची आई न विचारताच सांगू लागली, "सर, पोटुशी व्हते तवा गिऱ्हाण आलं. म्या इळीवर कांदा चिरला. माझ्याच हातानं झालं हे." दहा वर्षे ती हे ओझे वाहत होती आणि घरच्यांनी ते उतरू दिले नव्हते. आम्ही विचारले, "ताई, तेव्हा कितवा महिना होता?" ती म्हणाली, "सातवा."

गर्भाचा वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू नवव्या आठवड्यापर्यंत. सातव्या महिन्यात विळी हाती घेतली तेव्हा, जे जुळायचे राहिले होते ते राहून कित्येक महिने उलटले होते. दुभंगलेला ओठ कोणी चिरलेला नसतो. दोन बाजूंनी येऊन मिळायचा तो मिळालेला नसतो. जगभरात सुमारे ७०० जन्मांमागे एक बाळ असे जन्मते, ग्रहण असो वा नसो.

मग कारण कोणते? पुष्कळदा एकावर बोट ठेवता येत नाही. अनेक जनुके आणि गर्भावस्थेतील परिस्थिती यांचा तो मेळ असतो. काही कारणे मात्र माणसाने चिकाटीने शोधली. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी, गरोदरपणाच्या आरंभी मातेला झालेला रुबेला आणि बाळाचा जन्मजात मोतीबिंदू यांचा संबंध दाखविला. पश्चिम जर्मनीत १९५७ पासून विकले गेलेले थॅलिडोमाइड गरोदर स्त्रियांनी मळमळीवर घेतले आणि दहा हजारांहून अधिक मुले हातापायांची वाढ खुंटलेली अशी जन्मली. १९६१ च्या अखेरीस औषध मागे घेतले गेले. तेथेही उलगडा झाला तो कोणत्या दिवसांत गोळी घेतली, हे ताडून पाहूनच.

पूर्वजन्मीचे पाप हे उत्तर आपल्या पूर्वजांस फार परिचयाचे होते. त्यांचा जन्म कोणत्या वस्तीत व्हावा, हेही त्याच उत्तराने ठरविले जाई. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माची चिकित्सा करताना, मूल आपले गुणधर्म आईबापांकडून घेते, हे विज्ञानाचे म्हणणे समोर ठेवले. ते वाचणाऱ्या घरांतही ग्रहणाच्या दिवशी सून अंधाऱ्या खोलीत उपाशी बसते, हे आम्ही पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट कडू लागली तरी लिहितो. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अजून हौसेने होते. एकाच आजोबा-आजींचा सदोष जनुक दोन्ही बाजूंनी बाळाकडे येऊ शकतो. अशा जोडप्यांची बहुतेक मुले निरोगीच असतात. पण जन्मदोषाचा धोका इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट असतो. विळीची धास्ती घेणारे घर याचा विचार करीत नाही.

फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्यापूर्वीच सुरू करावी लागते, कारण बाळाचा मज्जारज्जू गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटतो; तोवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. लग्न ठरलेल्या आपल्या माजी विद्यार्थिनींनी एवढे ध्यानी घ्यावे. दुभंगलेला ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात शिवता येतो, टाळू त्यानंतर. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत येऊन तपासणी करतात आणि शस्त्रक्रिया मोफत होते. पथक येण्याच्या दिवशी मूल लाजेपोटी घरी ठेवू नये.