दाराशी ठेवलेली बॅग
निकाहनंतर मी व्हिजिटर म्हणून कॅनडात आले. शौहर तिथले नागरिक. त्यांनी माझ्या कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज भरला. तो मंजूर होण्याआधीच माझे ६ महिने संपत आले. मुदतीच्या आत १०० डॉलर भरून मुक्काम वाढवायचा अर्ज केला, की उत्तर येईपर्यंत राहायला हरकत नसते. तो वेळेत केला. पण मध्येच देशाबाहेर पडले, तर पुन्हा आत घेतीलच असं नाही. आणि नाही घेतलं, तर मोठा अर्जही बुडू शकतो, कारण तो इथे राहूनच केलेला.

रमजानमध्ये अब्बांना खेडहून मुंबईच्या इस्पितळात हलवलं. मी बॅग भरून दाराशी ठेवली. शौहर म्हणाले, "जायचं तर जा, अर्ज पुन्हा भरू."

फोनवर अब्बाच म्हणाले, "बेटा, कागद पुरे कर, मग ये." मला रागच आला. कुवेतच्या नोकरीत असताना याच कागदांपायी दादीच्या जनाज्याला पोहोचू न शकलेला माणूस हे सांगत होता!

मी गेले नाही. अब्बा आता घरी आहेत, अल्हम्दुलिल्लाह. काठी टेकत जुम्म्याला जातात. दोन्ही अर्जांचं उत्तर अजून आलेलं नाही. बॅग मी अजून रिकामी केलेली नाही.