पुस्तकात नसलेली चाल

आमच्या आजीच्या बायबलला पुठ्ठा उरला नव्हता. जुन्या लुगड्याच्या काठाचं आवरण तिनं स्वतःच शिवून घातलेलं. आतल्या कोऱ्या पानावर घरातले बाप्तिस्मे, लग्नं, मयतं एकाखाली एक. वरच्या ओळी बोरूच्या, शाई तपकिरी पडलेली. सर्वांत खालची ओळ माझ्या अक्षरात. ती आजीच्या मयताची.

अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 मध्ये. ख्रिस्ती मंडळ्या खऱ्या वाढल्या त्या नंतर, 1876-77 आणि 1899-1900 च्या दुष्काळांच्या आगेमागे, वडाळा-राहुरीकडच्या महार-मांगवाड्यांतून. धान्याच्या पोत्यापायी बाटले, असं गाव हिणवायचं. पण दुष्काळ सरले, पोती संपली, तरी माणसं देवळात येतच राहिली. ज्यांना पाटीला हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्या घरात आता पुस्तक होतं.

आणि ते पुस्तक डोळ्यांआधी कानांनी आत आलं. कृष्णराव सांगळ्यांनी येशूचं चरित्र कीर्तनाला लावलं. नगरात राहिलेल्या नारायण वामन टिळकांनी ते अभंगांत आणलं. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. तिकडे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवत होत्या, आणि छापखान्यात खिळे जुळवायला आश्रमातल्याच बायका. रमाबाई 1922 मध्ये गेल्या. पूर्ण बायबल छापून निघालं 1924 मध्ये.

आजीला अक्षर कळायच्या आधी तेविसावं स्तोत्र पाठ होतं. भाकरी थापता थापता ती सांगळ्यांचं एक गीत म्हणायची. ध्रुवपदाला हात थांबायचा, तव्यावरची भाकर करपायची, आणि आजोबा आतून ओरडायचे, “आधी भाकर बघ, मग भक्ती!” ती चाल तिच्या वडिलांनी कीर्तनात उचललेली. शेवटच्या ओळीत ती अचानक वर जायची आणि तिथंच रेंगाळायची.

आज देवळात तेच गीत कीबोर्डवर होतं, सगळ्यांना जमेल अशा सरळ चालीत. मीही तसंच म्हणतो. घरच्या गीतपुस्तकात शब्द सगळे आहेत, वर चालीचं नावही आहे. चाल मात्र आजीबरोबर गेली. धाकट्या आत्याला विचारलं, तर तिला पहिल्या दोन ओळी आठवल्या, पुढं अडली.

मिशनऱ्यांचे अहवाल जपले गेले, नगरच्या इतिहासात त्यांची नावंही आली. चुलीपुढं गाणाऱ्या बायकांची नोंद कुणी ठेवली नाही, पण मराठी बायबल इथल्या मातीत रुजवलं ते त्यांनी. तुमच्या घरी अशी म्हातारी माणसं अजून असतील, तर नाताळची वाट बघू नका. मोबाइल समोर ठेवा, त्यांना गाऊ द्या. सूर हलला तरी चालेल, पूर्ण गीत घ्या.