आधी बॅगांना हवा, मग हॉर्नला

आमचं मोटरहोम १९७६ सालचं. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात मिशिगनमधल्या पॉन्टिअ‍ॅक शहरात या जीएमसी गाड्या बनवल्या. आमची सव्वीस फुटी आहे, इंजिन ओल्ड्समोबिलचं ४५५ घनइंची, आणि गाडी ओढतात ती पुढची चाकं. मागे आडवा अ‍ॅक्सल नाहीच. दोन्ही बाजूंना एकामागे एक अशी दोन-दोन चाकं, आणि त्यांच्या दांड्यांच्या मधोमध हवेची एकेक रबरी बॅग. मागचा सगळा भार या दोन बॅगांवर. पन्नास वर्षांपूर्वी कुणी इतका देखणा विचार केला याचं मला आजही कौतुक वाटतं.

पण हवा गेली की गाडी बसते. मॅकिनॉ पूल ओलांडून लेक सुपिरिअरच्या काठी मुक्कामाला गेलो होतो. सकाळी उठून बघतो तर डावी बाजू खाली. कॉम्प्रेसर घुमत होता, काटा मात्र हलत नव्हता. जवळच्या पेट्रोल पंपावरची हवा साठ-सत्तर पीएसआयच्या पुढे जाईना, आणि भरलेल्या गाडीच्या बॅगांना लागतात शंभरच्या आसपास. शेवटी एका गॅरेजवाल्याने आपल्या मोठ्या कॉम्प्रेसरची नळी आणून भरून दिली. घरी येईपर्यंत मी दर थांब्यावर उतरून मागच्या चाकांवरची फट हाताने मोजत होतो. दुसरा कॉम्प्रेसर बसवायचाच, हे त्या वाटेवरच ठरलं.

हॉर्नची मागणी बायकोची. गाडी तीही चालवते, आणि आय-७५ वर एक मोटार सरळ तिच्या लेनमध्ये घुसत आली होती. मूळचा इलेक्ट्रिक हॉर्न त्या बंद काचांच्या आत पोचलाच नाही. "मला ट्रकवाल्यांसारखा प्रेशर हॉर्न बसवून दे," ती म्हणाली. खंबाटकी घाटाच्या वळणांवर हॉर्न देत येणाऱ्या एसट्या ऐकत वाढलेल्या माणसाला हे दोनदा सांगावं लागत नाही.

हॉर्नला हवा लागणार, हवा गाडीत आहेच, मग बॅगांच्या नळीला एक फाटा काढला की झालं, असं कुणालाही वाटेल. मला ते मुळीच मान्य नाही. हॉर्नची एखादी जोडणी गळायला लागली, तर त्या फाट्यातून बॅगा रिकाम्या होणार. म्हणून टाकी वेगळी घेतली. नवा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर टाकी भरतो: दाब ११० पर्यंत उतरला की चालू, १४५ ला बंद. टाकीतून दोन वाटा निघतात. बॅगांकडच्या वाटेवर हाताने फिरवायचा कॉक आणि चेक व्हॉल्व्ह आहे. हवा टाकीतून बॅगांकडे जाईल, उलटी येणार नाही. हॉर्नच्या वाटेवर दाब राखणारा व्हॉल्व्ह आहे. ट्रकमध्येही असे व्हॉल्व्ह असतात, ब्रेकची हवा इतर कामांत संपू नये म्हणून. माझा मी १०० ला लावला आहे. त्याखाली टाकी आली की हॉर्न मुका होतो आणि उरलेली हवा बॅगांची राहते.

खरा वेळ खाल्ला तो जोडण्यांनी. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा चांगलीच तापलेली असते, त्यामुळे पहिली दीडेक फूट नळी तारेच्या विणीची, नायलॉन त्याच्या पुढे. नायलॉनची नळी काटकोनातच कापली पाहिजे. जरा तिरकी गेली तर फिटिंगमध्ये बसल्यासारखी वाटते आणि रात्रभर बारीक सुसू करत राहते. प्रत्येक जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावलं. टाकीच्या मागच्या कोपरफिटिंगवर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगताना दिसले. खोलून, टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळून पुन्हा आवळलं, तेव्हा थांबले.

वीज घरगुती बॅटरीतून घेतली, इंजिन चालू करणाऱ्या बॅटरीतून नाही. आडरानात रात्रभर बॅगा भरत राहिल्या तरी सकाळी इंजिनाने उठलंच पाहिजे. वायर जाड घेतली, फ्यूज बॅटरीला अगदी लागून, मधे रिले. कॉम्प्रेसर पलंगाखालच्या कप्प्यात रबरी पायांवर बसवला आणि कप्प्याच्या दाराला हवेसाठी जाळी केली.

हॉर्नचे दोन कर्णे, एक लांब, एक आखूड. लांब कर्ण्याचा सूर खाली लागतो, आखुडाचा वर. छपरावर ते शोभले असते, पण जुन्या छपराला नवी भोकं पाडायची माझी तयारी नाही. पाणी एकदा आत शिरलं की त्याचा माग काढणं महाकठीण. म्हणून कर्णे पुढच्या जाळीमागे लावले, तोंडं किंचित खाली, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. स्टिअरिंगवरचा मूळ हॉर्न तसाच ठेवून प्रेशर हॉर्नला वेगळं बटन दिलं. मिशिगनच्या कायद्यात हॉर्न निदान दोनशे फुटांवरून ऐकू आला पाहिजे आणि अवाजवी मोठा किंवा कर्कश नसावा, असं आहे. म्हणजे हा हॉर्न वस्तीत वाजवायचा नाही.

बायकोने पहिल्यांदा बटन दाबलं ते गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर. आवाज आधी पोटात जाणवला, मग कानात. दाबाचा काटा सरकन खाली आला, कॉम्प्रेसर सुरू झाला, आणि बॅगांचा काटा जागचा हलला नाही. मला पाहायचं होतं ते हेच. तिने मात्र लगेच पुन्हा वाजवला. इकडे शेजारच्या मोटारीतली मुलं ट्रक दिसला की मूठ वर-खाली ओढून हॉर्न मागतात. आता ती आमच्याकडेही मागतात आणि बायको कुणाला नाही म्हणत नाही.

प्रत्येक प्रवासानंतर टाकीच्या तळाचा कॉक उघडतो. सुरुवातीला गंजकट पाणी पडतं, मग स्वच्छ हवा. मिशिगनच्या थंडीत ते पाणी आत राहिलं तर व्हॉल्व्हमध्येच गोठेल. आता पुढचं काम डाव्या आणि उजव्या बॅगेला वेगवेगळे काटे लावण्याचं. डावी अजून रात्रीतून थोडी उतरते, आणि ती गळती मला नेमकी पकडायची आहे.