आमटीत न गेलेली शिकेकाई

लेकीच्या पायाच्या करंगळीला माझा केस गुंडाळला गेला होता. तिला अंघोळ घालणाऱ्या मावशींना तो दिसला. "ताई, हे बोट लाल का दिसतंय बघा," म्हणत त्यांनी नखाने अलगद सोडवून काढला. बोट नुसतं लाल झालं होतं, एवढ्यावर निभावलं. असा केस रुतून बसला तर बोटाचं रक्त अडतं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून मोजे उलटे करून बघायची सवय लागली ती लागलीच.

लेक तेव्हा चार महिन्यांची होती आणि घरात जिथे तिथे माझे केस. दुपट्यात, उशीवर, न्हाणीच्या जाळीत पुंजकाच. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं: गरोदरपणात हार्मोन्समुळे जे केस गळायचे थांबतात, तेच बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी एकदम सुटतात. बहुतेकींचं वर्षभरात थांबतं. तरी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

म्हणजे गळती थांबवणं माझ्या हातात नव्हतं. पण उरलेल्या केसांचे हाल तरी थांबवावेत असं वाटलं. आमच्या सोसायटीला बोअरचं आणि टँकरचं जड पाणी. माझे केस कुरळे, त्यात गुंता. बाळ उठायच्या आत उरकायचं म्हणून मी खसाखसा डोकं धुऊन ओल्या केसांतून बारीक दातांचा कंगवा ओढत असे.

मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात गेले. दळलेली शिकेकाई मागितली तर दुकानदार म्हणाले, "ताई, अख्ख्या शेंगा न्या. कुरळ्या केसांत भुकटी अडकली की निघत नाही." हा सल्ला लाखमोलाचा ठरला. शनिवारी रात्री मूठभर शेंगा, बिया काढलेले पाच-सहा रिठे, थोडी आवळकाठी आणि चमचाभर मेथ्या लिटरभर पाण्यात भिजत टाकायच्या. सकाळी मंद आचेवर उकळून, गार झालं की हाताने कुस्करून जुन्या मलमलच्या कापडातून गाळायचं. भांडं स्टीलचं. लोखंडी कढईत आवळा काळाकुट्ट होतो. कलप करायचा असेल तर तसं करा. मेथ्यांनी पाणी बुळबुळीत होतं आणि त्या बुळबुळीतपणात गुंता बोटांनीच सुटतो. कंगवा लागला तर मोठ्या दातांचा.

शाम्पूसारखा फेस येत नाही. साबणाने डोकं धुतलं की जड पाण्यात जो चिकट थर बसतो, तो मात्र शिकेकाईने बसत नाही. आणि रिठा डोळ्यांत गेला तर जे झोंबतं, ते विचारू नका. लेक कडेवर असताना हा उद्योग करायचा नाही.

अडचण होती वेळेची. दर आठवड्याला उकळत कोण बसणार? शिवाय काढा दोन दिवसांत आंबतो. म्हणून एकदाच जास्त करून मी तो बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवू लागले. लागतील तेवढ्या वड्या आदल्या रात्री वाटीत काढून ठेवायच्या. एका संध्याकाळी नवऱ्याने ती तपकिरी वाटी चिंचेचा कोळ समजून आमटीवर धरली होती. सासूबाई ओरडल्या म्हणून आमटी वाचली. आता वाटीवर झाकण आणि झाकणावर चिठ्ठी असते.

तेल मी कमीच लावते. चपचपीत तेल शिकेकाईने निघत नाही आणि दोनदा धुवायला सवड कोणाला आहे? आठवड्यात मध्येच ऑफिसचं काही निघालं तर शाम्पूची बाटली आहेच. ती मी फेकलेली नाही.

लेकीचा पहिला वाढदिवस येईतो गळती आटोक्यात आली. सासूबाई सोसायटीभर शिकेकाईचे गुण गातात. गळती वर्षभरात थांबेल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण सासूबाईंच्या आनंदात मी कशाला मोडता घालू? माझी सध्याची डोकेदुखी वेगळीच आहे. कपाळावर बोटभर नवे केस आलेत आणि ते ताठ उभे राहतात. मीटिंगच्या आधी बोटाला थेंबभर खोबरेल घेऊन ते चापून बसवते, तासाभरात पुन्हा उभे.